ऊस रोपवाटिकेच्या संकेतस्थळाची पुनर्रचना आणि गूगल शोधातील स्थान : चिकोडी भागातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण चिकोडी तालुक्यातील एका रोपवाटिकेच्या संकेतस्थळाचे आहे. व्यवसायाची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत. रोपवाटिका मुख्यतः ट्रेमध्ये वाढवलेली एक डोळा पद्धतीची, म्हणजे उसाच्या एकेका डोळ्यापासून वाढवलेली, रोपे विकते. जोडीला हंगामाप्रमाणे मिरची, टोमॅटो आणि कोबीची रोपे असतात. ग्राहक चिकोडी, निपाणी, रायबाग, हुक्केरी आणि अथणी तालुक्यांतून येतात, तसेच सीमेपलीकडच्या कागल, गडहिंग्लज, शिरोळ आणि मिरज या भागांतूनही येतात. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेची को ८६०३२ आणि पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेली फुले २६५ या दोन जातींना सर्वाधिक मागणी असते.

संकेतस्थळ सुमारे दहा वर्षांपूर्वी बेळगावातील एका ओळखीच्या प्रोग्रामरने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत तयार केले होते. दिसायला ते अगदी साधे होते. पांढऱ्या पानावर मजकूर, एखादे कोष्टक आणि दोन-चार फोटो एवढाच त्याचा पसारा होता. परंतु रोपवाटिकेचे मालक, ज्यांना सर्वजण अण्णा म्हणतात, त्यांनी एक गोष्ट सातत्याने केली होती. शेतकरी फोनवर जे विचारतात, त्याचे उत्तर ते सवडीने लिहून काढीत आणि प्रत्येक प्रश्नाला एक स्वतंत्र पान देत. अशी शंभराच्या वर पाने मराठीत जमली होती आणि त्यांतील बरीचशी कन्नडमध्येही होती, कारण रोपवाटिकेतील एक सहकारी ती कन्नडमध्ये लिहून देत असे.

यांतील एका पानाचा उल्लेख मुद्दाम करावा लागेल. एकरी किती रोपे लागतात, एवढ्याच प्रश्नाचे ते पान होते. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फुटांचे अंतर ठेवले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. तेच अंतर दीड फूट केले तर ५,८०८ लागतात. चार फुटांच्या सरीत दोन फुटांवर रोप लावले तर ५,४४५ लागतात. एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले एका रोपाच्या वाट्याला येणारी जागा, इतका हा सरळ हिशेब आहे. तरीही आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमधील, लागणीच्या आधी शेतकरी मोबाइलवर नेमका हाच प्रश्न टाइप करीत आणि गूगलच्या पहिल्याच पानावर त्यांना रोपवाटिकेचे हे कोष्टक दिसे. तेथून पुढे फोन येई आणि फोनवरून मागणीची नोंद होई.

अडचण

संकेतस्थळात बदल करण्याची गरज खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. मोबाइलवर कोष्टके पडद्याबाहेर जात आणि मजकूर बोटांनी ताणून वाचावा लागे. संकेतस्थळ एचटीटीपीवर, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात न पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीवर, चालत होते. क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक स्थळापुढे ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा दाखवतो, त्यामुळे नवा ग्राहक बिचकत असे. हंगामाची दरपत्रके डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेल्या पीडीएफच्या रूपात होती. पडद्यावर ती व्यवस्थित मराठीत दिसत, पण त्यांतील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची अगम्य जुळणी हाती येई. शोधयंत्रालाही त्या पानांवर तेवढेच दिसत असल्यामुळे दरपत्रके शोधात कधीच सापडत नव्हती.

कारभार हळूहळू मुलाकडे आला, तेव्हा त्याने एका संकेतस्थळ बांधणाऱ्या कंपनीकडून प्रस्ताव मागवला. प्रस्ताव देखणा होता. मुखपृष्ठावर उसाच्या फडाचा पडदाभर फोटो, शंभराहून अधिक पानांच्या जागी सहा-सात सुटसुटीत पाने, मूळ मजकूर इंग्रजीत आणि वर भाषांतराचे बटण, पानांचे सर्व पत्ते (यूआरएल) रोमन अक्षरांत आणि या सगळ्यासाठी जुन्या लांबलचक डोमेनऐवजी (संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील नावाऐवजी) एक नवे, आटोपशीर डोमेन असा तो बेत होता. जुन्या पत्त्यांचे काय, या प्रश्नाला ‘ते सगळे मुखपृष्ठाकडे वळवू’ असे उत्तर मिळाले.

सल्ल्यासाठी हा प्रस्ताव माझ्याकडे आला तेव्हा त्यातील धोका एका वाक्यात सांगता येण्याजोगा होता : डोमेन, पत्ते, मजकूर, भाषा आणि रूप या पाचही गोष्टी एकाच दिवशी बदलणार होत्या. शोधयंत्र प्रत्येक पान त्याच्या पत्त्यावरून ओळखते आणि त्या पत्त्याला मिळालेले दुवे, त्यावरील मजकूर आणि वाचकांच्या गरजेशी त्याचा मेळ पाहून त्याचे स्थान ठरवते. पाचही गोष्टी एकत्र बदलल्यावर स्थान घसरले, तर कोणत्या बदलामुळे घसरले हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. आणि घसरण जर मे-जूनमध्ये, म्हणजे आडसाली रोपांच्या नोंदणीच्या काळात झाली, तर पुढच्या वर्षापर्यंत ती भरून निघत नाही. रोपवाटिकेचे नुकसान रोपांच्याच हंगामाने मोजावे लागते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहे त्याच संकेतस्थळाची डागडुजी करण्याचा. एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचे सुरक्षित रूप, लागू करायचे, कोष्टके मोबाइलवर नीट बसवायची आणि थांबायचे. यात धोका सर्वांत कमी होता. पण जुना प्रोग्राम सर्व्हरवरील पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर चालत नव्हता आणि नवे पान टाकण्यासाठी प्रत्येक वेळी प्रोग्रामरला गाठावे लागत होते. हा पर्याय फार तर वर्षभर तग धरणारा होता.

दुसरा पर्याय कंपनीच्या प्रस्तावाचा होता. त्यातील सर्वांत घातक भाग म्हणजे सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे. हुमणी या किडीच्या नियंत्रणाचे पान शोधणारा शेतकरी जर फडाच्या फोटोवर येऊन पोहोचला तर त्याच्या दृष्टीने ते पान संपलेले असते, आणि गूगलही अशा वळवण्याला बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ मानते, म्हणजे पान अस्तित्वात नसल्याचेच समजते. वर्षानुवर्षे मिळवलेले स्थान अशा वळवण्यातून मुखपृष्ठाला मिळेल, ही समजूत अजूनही अनेकांच्या मनात आहे, म्हणून ती चुकीची आहे असे स्पष्टपणे नोंदवतो.

तिसरा पर्याय टप्प्याटप्प्याने जाण्याचा होता. डोमेन तेच ठेवायचे. शक्य तेथे पत्ते तेच ठेवायचे. जेथे बदलणे भागच आहे तेथे प्रत्येक जुन्या पानासाठी त्याच विषयाचे नवे पान ठरवून कायमस्वरूपी ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना, द्यायचा. मजकूर आधी आहे तसा नव्या रूपात आणायचा आणि त्याची काटछाट नंतर, शोधातील स्थान स्थिर झाल्यावर करायची. यात वेळ जास्त लागणार होता आणि नवेपणाचा झगमगाट कमी दिसणार होता. मुलाची नाराजी समजण्यासारखी होती, कारण खर्च करून लोकांना काही वेगळे दिसावे ही त्याची अपेक्षा रास्तच होती.

निर्णयाच्या जागा

निर्णय तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने झुकला तो एका छोट्या बैठकीत. रोपवाटिकेत फोन घेणाऱ्या अक्का तेथे बसल्या होत्या. कंपनीच्या तरुण डिझाइनरने कोष्टकाचे पान काढून टाकण्याचे कारण दिले, “काका, हे पान फार साधं दिसतंय, मुखपृष्ठावर एका ओळीत बसवता येईल.” त्यावर अण्णांच्या आधी अक्का म्हणाल्या, “ते पान तेवढं काढू नका. शेतकरी फोनवर पहिलं तेच विचारतोय, एकराला रोपं किती लागत्यात म्हणून. निम्मे लोक तर पान उघडून समोर ठेवूनच फोन करत्यात.” संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे मालकाला सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोल या सेवेतील आकडे नंतर पाहिले तेव्हा तेही हेच सांगत होते, पण कोणते पान व्यवसायाला पोसते हे त्या यंत्रणेच्या आधी फोन घेणाऱ्या व्यक्तीला ठाऊक होते, आणि माझ्या मते अशा प्रत्येक कामाची सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी.

दुसरी निर्णयाची जागा भाषेची होती आणि सीमाभागात ती इतर कोठल्याही भागापेक्षा नाजूक असते. भाषांतराचे बटण ठेवले तर पत्ता एकच राहतो आणि शोधयंत्राच्या नोंदीत फक्त मूळ इंग्रजी मजकूर जातो. मराठीत किंवा कन्नडमध्ये शोधणाऱ्यासमोर ते पान येण्याचे कारणच उरत नाही. कंपनीने यावर दुसरा उपाय सुचवला : भेट देणाऱ्याचे ठिकाण ओळखून कर्नाटकातील वाचकाला आपोआप कन्नड पान आणि महाराष्ट्रातील वाचकाला मराठी पान दाखवायचे. चिकोडी-निपाणीत राहणाऱ्या कोणालाही यातील दोष सांगावा लागत नाही. या भागात एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात, एक जण मराठी वाचतो आणि दुसरा कन्नड वाचतो; मोबाइलची भाषा तर दोघांचीही इंग्रजीच असते. शिवाय गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, बहुतांशी अमेरिकेतील पत्त्यांवरून येत असल्यामुळे अशा वळवण्यात त्याला कदाचित एकच भाषा दिसली असती. म्हणून प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता, दोन्ही पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणारा ‘एचरेफलँग’ टॅग (हेच पान दुसऱ्या भाषेत कोठे आहे हे शोधयंत्राला सांगणारी खूण), आणि वाचकाने स्वतः दाबायची भाषेची साधी लिंक, असे ठरले. हा टॅग दोन्ही बाजूंनी असावा लागतो. मराठी पान कन्नड पानाचा उल्लेख करते पण कन्नड पान उलट उल्लेख करत नाही, अशा स्थितीत गूगल तो विचारात घेत नाही.

याच ओघात गावांच्या नावांचाही प्रश्न आला. शासकीय नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे, परंतु मराठीत शोधणारा वाचक बेळगाव असेच टाइप करतो. मराठी पानांच्या शीर्षकात बेळगाव, कन्नड पानांच्या शीर्षकात कन्नड रूप, आणि पत्त्याच्या व संपर्काच्या पानावर शासकीय नाव, अशी विभागणी केल्याने वाद झाला नाही आणि शोधही तुटला नाही. शीर्षकांबाबत इतरही एक आग्रह धरला गेला. कंपनीने सर्वत्र ‘उत्कृष्ट गुणवत्ता, विश्वासार्ह सेवा’ अशी शीर्षके सुचवली होती. जुने शीर्षक ‘को ८६०३२ ऊस रोपे, चिकोडी व निपाणी’ असे होते. त्यात काय मिळते आणि कोठे मिळते हे दोन्ही आहे, म्हणून ते तसेच ठेवले.

तिसरा निर्णय वेळेचा. ‘सुरू’ हंगामातील उसाची लागण साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आटोपते आणि आडसालीची नोंदणी मे महिन्यापासून जोर धरते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत नवे रूप प्रकाशित करायचे ठरले. मध्यम आकाराच्या संकेतस्थळाची बहुतेक पाने नव्या पत्त्यांसह पुन्हा नोंदवली जायला गूगलला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात स्थान थोडे वर-खाली होणे स्वाभाविक असते. ती चढउतार मोकळ्या दिवसांत पडावी, एवढाच यामागचा हेतू होता.

प्रत्यक्ष कृती

कामाची खरी सुरुवात जुन्या पत्त्यांच्या यादीने झाली. संकेतस्थळ क्रॉल करून, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर लिंकमागोमाग जाऊन, मिळालेली यादी पुरेशी नसते, कारण ज्या पानांना आतून कोठूनही लिंक नाही ती पाने त्यात सापडत नाहीत. म्हणून सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे प्रत्यक्षात कोणते पत्ते उघडले गेले त्याच्या नोंदीतून, आणि सर्च कन्सोलमधून आणखी दोन याद्या काढल्या. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतो, त्यामुळे गेल्या आडसाली हंगामात कोणत्या पानांवर लोक आले हेही समजले. व्हॉट्सॲप गटांतून वर्षानुवर्षे फिरणाऱ्या लिंक या लॉगमध्येच दिसल्या. एरवी त्यांचा थांग लागला नसता. या सर्व पत्त्यांचा एक तक्ता झाला आणि प्रत्येक ओळीपुढे पान ठेवायचे, दुसऱ्या पानात मिळवायचे की बंद करायचे, हा निर्णय अण्णा आणि अक्का यांच्यासमवेत लिहिला गेला. को ८६०३२ वर वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली तीन पाने होती, ती एकत्र करून एक भरीव पान केले. दरवर्षी नव्या पत्त्यावर टाकली जाणारी दरपत्रके बंद करून वर्षाचा उल्लेख नसलेला एक कायमचा पत्ता ठरवला आणि त्यावर युनिकोडमध्ये दर लिहायला सुरुवात केली.

देवनागरी पत्त्यांनी मात्र अनपेक्षित काम लावले, आणि मराठी संकेतस्थळ हाताळणाऱ्याने हा भाग अवश्य लक्षात घ्यावा. तक्त्यात एक पत्ता दोनदा आला होता. दोन्हींत ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द होता आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते, तरी सर्व्हर त्यांना भिन्न मानत होता. एका पत्त्यात हा शब्द ‘ऱ’ या अक्षराने लिहिला होता. दुसऱ्यात तो साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह अशा जुन्या टायपिंग पद्धतीने लिहिला होता. पहिल्यासाठी लिहिलेला रीडायरेक्ट दुसऱ्याला लागू पडत नव्हता आणि व्हॉट्सॲपवर फिरत असलेला पत्ता नेमका दुसरा होता. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक पत्ता मग दोन्ही रूपांत तपासावा लागला.

रीडायरेक्टच्या फाइलमध्येही एक अडथळा आला. ब्राउझरमधून उचललेला देवनागरी पत्ता टक्केचिन्हांच्या लांबलचक सांकेतिक रूपात येतो आणि कंपनीच्या मुलांनी तो तसाच फाइलमध्ये चिकटवला होता. परंतु संकेतस्थळ चालवणारा आपाची हा सर्व्हर प्रोग्राम नियमाशी तुलना करण्याआधी पत्ता उलगडून मूळ अक्षरांत आणतो, त्यामुळे नियमात सरळ देवनागरीच लिहावी लागते. सांकेतिक रूपातील नियम कोणतीही तक्रार न करता निष्फळ ठरतो आणि वाचकाला पान सापडत नाही एवढेच दिसते.

नवे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ बांधण्याच्या प्रणालीवर उभे राहिले आणि तेथे तिसरी अडचण दिसली. वर्डप्रेस पानाच्या पत्त्यासाठी २०० अक्षरांची मर्यादा पाळतो. सांकेतिक रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, नऊ अक्षरांची जागा घेते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हांत मर्यादा संपते. ‘आडसाली-ऊस-लागणीसाठी-एकरी-किती-रोपे’ हा पत्ता त्यामुळे ‘एकरी’पाशीच तुटला. तुटलेल्या पत्त्याने शोधातील स्थान लगेच जाते असे नाही, पण जुना पत्ता तसाच राहील या गृहीतकावर रीडायरेक्ट दिला नसेल तर जुनी लिंक मोडते. अशा लांब पत्त्यांना छोटे देवनागरी पत्ते दिले आणि जुन्या पूर्ण पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट लावले. कंपनीच्या सेवेत मुळात ३०२ म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट वापरला जात होता, तो बदलून घेतला. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तेथून दुसऱ्या रूपाचे (www असलेले वा नसलेले) डोमेन आणि मग नवे पान अशा साखळीऐवजी प्रत्येक जुना पत्ता एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर जाईल, हेही पाहिले गेले. पानांतील आतल्या लिंक मात्र रीडायरेक्टच्या भरवशावर न ठेवता थेट नव्या पत्त्यांवर नेल्या.

रूपाच्या बाबतीत दोन बदल सुचवले. पडदाभर फोटो मोबाइलवर फार उशिरा उमटत होता. पानातील सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे, तो फोटो लहान करून गाठता आला. दुसरे म्हणजे मोबाइलवर कोष्टके लपवण्याची कल्पना सोडून द्यावी लागली. गूगल आता नोंदीसाठी पानाचे मोबाइल रूपच वाचतो. ५ जुलै २०२४ नंतर उरलीसुरली संकेतस्थळेही त्याच पद्धतीखाली आली आहेत. मोबाइलवर न दिसणारे कोष्टक शोधासाठीही नसल्यासारखेच झाले असते.

नवे रूप तयार होत असताना ते पासवर्डमागे ठेवले होते, त्यामुळे अर्धवट पाने गूगलच्या नोंदीत गेली नाहीत. प्रकाशनाच्या दिवशी सर्वांत आधी वर्डप्रेसमधील ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही खूण काढली आहे का, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहिले. विकासाच्या काळात लावलेली ही एक खूण तशीच राहून पूर्ण संकेतस्थळ शोधातून नाहीसे होण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. त्यानंतर तक्त्यातील प्रत्येक जुना पत्ता चालवून पाहिला आणि नवा साइटमॅप, म्हणजे सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, सर्च कन्सोलला दिला.

परिणाम

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मराठी पानांचे स्थान थोडे हलले आणि पुन्हा पूर्ववत झाले. एकरी रोपांचे पान गूगलच्या पहिल्या पानावरून एकदाही खाली गेले नाही. कन्नड पानांची गोष्ट वेगळी झाली. प्रकाशनानंतर काही दिवसांतच ती एकेक करून शोधातून गळू लागली. घरात घबराट झाली आणि जुने संकेतस्थळ परत आणावे अशी मागणी मुलानेच केली.

हा या प्रकरणातील सर्वांत कठीण क्षण होता. जुने रूप परत आणले असते तर बदललेले सर्व पत्ते पुन्हा उलट दिशेने फिरले असते आणि मराठी पानांचे स्थिरावलेले स्थानही डळमळले असते. मराठी पाने टिकली आहेत आणि फक्त कन्नड पाने जात आहेत, याचा अर्थ कारण त्या दोहोंतील फरकात असले पाहिजे, असा विचार करून एक कन्नड पान सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत टाकले. उत्तर लगेच मिळाले : त्या पानावरील कॅननिकल टॅग, म्हणजे मूळ पान कोणते हे सांगणारी खूण, मराठी पानाकडे बोट दाखवत होता. साच्यामध्ये भाषेची निवड चुकल्यामुळे प्रत्येक कन्नड पान स्वतःविषयी ‘मी मराठी पानाची प्रत आहे, मूळ ते’ असे गूगलला सांगत होते. टॅग दुरुस्त करून महत्त्वाच्या पानांची पुन्हा नोंदणी मागितली आणि पुढील काही आठवड्यांत कन्नड पाने परतली. डोमेन, बहुतेक मजकूर आणि बहुतेक पत्ते त्याच वेळी बदलले नव्हते, म्हणूनच कारण इतक्या लवकर हाती लागले. टप्प्याटप्प्याने जाण्याचा खरा लाभ येथे दिसला.

आडसालीची नोंदणी सुरू झाली तोपर्यंत दोन्ही भाषांतील पाने आपापल्या जागी होती. पूर्वी शोधात न सापडणारी दरपत्रके आता सापडू लागली आणि ‘दर काय आहे’ एवढेच विचारणारे फोन कमी झाल्याचे अक्कांनी सांगितले. नवे डोमेन घेण्याचा विचार मुलाने स्वतःहून बाजूला ठेवला.

वेगळे काय करता आले असते

कन्नड पानांची चूक प्रकाशनापूर्वीच सापडायला हवी होती. तपासणीला बसलेल्या सर्वांनी मराठी पाने उघडली, कारण तीच त्यांना वाचता येत होती. कन्नड मजकूर लिहून देणारा सहकारी मात्र त्या दिवशी बोलावलाच गेला नव्हता. तो असता तरी त्याला टॅग दिसला नसता हे खरे, पण प्रत्येक भाषेतील किमान पाच पानांचा स्रोत (सोर्स कोड) उघडून कॅननिकल आणि एचरेफलँग वाचण्याचे काम त्याच्या बरोबरीने ठरवून करता आले असते. दुभाषी संकेतस्थळाच्या तपासयादीत प्रत्येक भाषेसमोर एका माणसाचे नाव लिहिलेले असले पाहिजे.

फोटोंचे पत्ते तक्त्यात घेतलेच नव्हते. हुमणी, लोकरी मावा आणि तांबेरा यांचे अण्णांनी फडात जाऊन काढलेले फोटो गूगलच्या चित्रशोधात चांगल्या ठिकाणी दिसत असत, कारण शेतकरी आपल्या उसावरची कीड किंवा रोग फोटोशी ताडून पाहतो. नव्या संकेतस्थळात सर्व फोटोंची नावे बदलली आणि जुने पत्ते मोडले. त्यांचे रीडायरेक्ट नंतर लावले, पण चित्रशोध पानांच्या शोधापेक्षा फार सावकाश सावरतो आणि त्यातून येणारे वाचक पुढच्या हंगामातही पूर्वीइतके झाले नव्हते. पानांच्या यादीबरोबर फोटोंची यादी करणे हे तासाभराचे काम होते.

रीडायरेक्ट किती काळ ठेवायचे यावर सुरुवातीला बोलणेच झाले नाही. गूगल किमान एक वर्ष ठेवण्यास सांगते. परंतु या भागात पत्ते व्हॉट्सॲप गटांतून फिरत राहतात आणि तीन वर्षांपूर्वीची लिंक आजही कोणीतरी पुढे पाठवत असते, तेव्हा ते कायमचे ठेवावेत असे माझे मत आहे. सर्व्हर बदलताना ही फाइल सोबत नेण्याची जबाबदारी कोणाची, हे आता करारात लिहिले आहे.

शेवटची बाब तांत्रिक नाही. जुने डोमेन त्या वेळच्या प्रोग्रामरच्या नावावर नोंदलेले निघाले आणि तो कामानिमित्त परगावी गेला होता. त्याने सर्व सहकार्य केले, तरी नोंदणी आणि सर्च कन्सोलची मालकी अण्णांच्या नावावर आणण्यात तयारीचे बरेच दिवस गेले आणि प्रकाशन फेब्रुवारीच्या अखेरीऐवजी मार्चमध्ये झाले. संकेतस्थळाच्या नूतनीकरणाचा विचार मनात येताच, डिझाइनचा पहिला कागद पाहण्याआधी, ही दोन नावे तपासून घेतली असती तर कन्नड पानांची दुरुस्ती नोंदणीच्या आणखी आधी पूर्ण झाली असती.